बेंचचा फाउल, कोचच्या नावावर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार.

“रडायचं असेल तर रेषेच्या बाहेर जाऊन रड.” हे तू मला म्हणालास तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू तेरा. बाबांची शिट्टी तुझ्या गळ्यात होती, अंगणातल्या चुन्याच्या रेषा तूच आखल्या होत्यास आणि पाच फाउल होऊन मी बाद झाले होते (चारच झाले होते, पाचवा शेजारच्या मुलीचा होता; पण असो, छत्तीस वर्षं झाली). मी रेषेबाहेर गेले, रडले आणि परत येऊन तुझ्याशेजारी वही घेऊन गुण लिहायला बसले. तेव्हापासून लिहितेच आहे.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं, तर तू त्यांच्याकडे तसा लेखी नियम मागितलास, असं वहिनींकडून कळलं (फोन वहिनींचाच येतो, तुझा येत नाही). त्यांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचं ऐकत जा. इकडचं सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण लीगच्या शिस्त समितीच्या अध्यक्षाला खोटं कसं लिहू? इकडे काहीही क्षेम नाही.

शनिवारी दुपारी ह्यांच्या बास्केटबॉल संघाची उपांत्य फेरीची मॅच होती आणि स्कोअरशीट माझ्यापुढे होती. (नवरा कोच असताना बायको टेबलावर कशी, असं विचारू नकोस. ठरलेल्या बाईंना ऐनवेळी ताप आला आणि दोन्ही संघांनी मला लेखी होकार दिला. समोरच्यांनी तर हसत हसत दिला. मी ह्यांना कधीच सूट देत नाही, हे सगळ्या लीगला माहीत आहे.) आता तुलाच नियम सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण मला मोकळं होऊ दे. कोच स्वतः वेडंवाकडं वागला की शीटवर त्याच्या नावापुढे ‘सी’. बेंचवरचं दुसरं कुणी वेडंवाकडं वागलं की ‘बी’, आणि तोसुद्धा कोचच्याच नावापुढे! करणारा बेंचवर पाणी पितोय आणि भरणारा हा. असे तीन झाले की कोच बाहेर. हा नियम ज्यांनी केला त्यांनी नक्कीच कधीतरी घर चालवलं असणार.

पहिल्या हाफमध्ये एका राखीव खेळाडूने टॉवेल फेकला. तो रेफरीच्या बुटावर पडला. बी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ह्यांनी स्वतःची रेषा ओलांडून रेफरीला अत्यंत सभ्य आवाजात विचारलं, “साहेब, तुमची शिट्टी एकाच बाजूला ऐकू येते का?” सी. मी दोन्ही लिहिले. शेवटच्या दोन मिनिटांत आमच्या शिडीचा (आमचा सर्वांत उंच खेळाडू, दारातून वाकून येतो आणि तरी आपटतो) पाचवा फाउल झाला. झाला म्हणजे काय, तो खांबासारखा उभा होता आणि समोरचा येऊन त्याच्यावर आदळला. खांबावर गाडी आदळली तर खांबाला पकडतात का? इथे पकडला. मी भोंगा वाजवला, पाचची पाटी वर केली, शिडी मान खाली घालून बेंचकडे आला आणि नेमकं तेव्हाच बेंचच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, “अहो, चष्मा लावा चष्मा!”

रेफरीची आमच्याकडे पाठ होती. तो गर्रकन वळला आणि आमच्या बेंचकडे बोट दाखवून टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाउल दिला. बेंचच्या टोकाला, अगदी माझ्या टेबलाला खेटून, संघाच्या फिजिओबाई बसतात. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या बिचाऱ्या नुसती मान हलवत राहिल्या. तिसरा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून ‘बी’ लिहिलं.

बाहेर काढलेल्या कोचने एकतर ड्रेसिंग रूममध्ये बसायचं किंवा इमारत सोडायची. ह्यांनी मानाने इमारत सोडली आणि थेट घर गाठलं. घराची किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स टेबलाखाली, आणि रेफरीची शेवटची सही होईपर्यंत मला टेबल सोडता येत नाही. तास-दीड तास हे कोट-टायमध्ये जिन्यात बसले. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई भाजी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, बाहेर काढलं की काय तुम्हाला?” हे खरं बोलणारे. “हो,” म्हणाले. “कुणी हो?” “शिट्टी दुसऱ्याची होती, पण लिहिलं हिनेच.” मी पोचेपर्यंत सगळ्या इमारतीला बातमी लागली होती. वॉचमनने मला फाटकातच गाठलं. “ताई, माणूस आहे, चुकतो. आजच्या दिवस घरात घ्या त्यांना.”

त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे कामापुरतंच बोलतात. शिवाय फ्रिजवर एक कोरी स्कोअरशीट चिकटवली आहे. घराची कोच मी. लेक (एकोणीस वर्षांची, कुणाचं ऐकत नाही) उशिरा आली, बी माझ्या नावावर. वॉशिंग मशीनने ह्यांचा मोजा गिळला, बी. मशीनसुद्धा माझ्याच बेंचवर! मंगळवारी आमटीत मीठ दोनदा पडलं तेव्हा मी म्हटलं, “हा तरी सी ना?” तर लेक म्हणते, “हो आई, हा तुझा स्वतःचा.” तीन झाले. ह्यांनी गंभीर चेहऱ्याने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. मी गेले, दार लावलं आणि किती वर्षांनी भर दुपारी तासभर पुस्तक वाचलं. मग बुधवारी मुद्दाम मीठ जास्त घातलं, तर मेल्यांनी निमूट खाल्लं.

दादा, हे सगळं हसण्यावारी नेलं असतं मी. आम्ही ती मॅच दोन गुणांनी जिंकलो. रविवारी अंतिम सामना आहे. पण तुमच्या लीगच्या नियमाने बाहेर काढलेल्या कोचला पुढच्या मॅचलाही हॉलमध्ये पाय ठेवता येत नाही. बावीस वर्षं ह्यांनी हा संघ सांभाळला, पुढच्या मोसमापासून क्लब नवा कोच आणतोय, आणि अंतिम फेरी बावीस वर्षांत पहिल्यांदाच आली. करडा कोट हे रोज सकाळी इस्त्री करतात आणि पुन्हा कपाटात टांगतात. मी ओरडते की विजेचं बिल काय येईल. दुसरं काय ओरडू?

तब्येतीला जप.

तुझी धाकटी

ता. क. वहिनींना हवा होता तो स्वेटरचा नमुना सापडला. सोबत पाठवते आहे.

आणखी एक. फिजिओबाईंचा त्या दिवशी घसा पार बसला होता, पण त्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढचे तीन दिवस त्या पाटीवर लिहून बोलत होत्या. त्यांना “चष्मा” म्हणणं शक्यच नव्हतं. माझा घसा उत्तम होता. दादा, ते मी म्हटलं. छत्तीस वर्षांत टेबलावरून पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि मग स्वतःच्या हाताने ह्यांच्या नावापुढे ते ‘बी’ लिहिलं. ज्याने हे केलं त्याचं मी जन्मात तोंड बघणार नाही, असं हे रोज जेवताना मला सांगतात, माझ्या तोंडाकडे बघून. फिजिओबाईंशी बोलणं ह्यांनी टाकलं आहे, म्हणून त्यांच्या घशाचं ह्यांना अजून कळलेलंच नाही. आज हे पत्र पेटीत टाकलं की मी ह्यांना सांगणार आहे, मग फ्रिजवर जे लिहायचं ते लिहू देत.

आणि शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. तो फाउल माझ्या नावावर घे, मला लीगमधून काढ आणि ह्यांना रविवारी बेंचवर बसू दे. तू नाही म्हणशील, माहीत आहे: तक्रारीची मुदत संपली, कोच नात्यातला आहे आणि शीटवर टेबलाच्या फाउलसाठी रकानाच नाही. बरं, तेही राहू दे. पण निदान एवढं कर. रविवारी हॉल भरेल तेव्हा हे बाहेरच्या पायऱ्यांवर बसलेले असतील, तो कोट घालून. मॅच चालू असताना तू एका मिनिटासाठीही हॉल सोडलेला नाहीस, आणि यंदा तर कप तुझ्या हस्ते आहे. तरी विचारते. आत सुरुवातीचा भोंगा वाजला की तू बाहेर येऊन, रेषेच्या बाहेर, त्यांच्याशेजारी बसशील का?