धरलेली जागा

१० नोव्हेंबर, सोमवार
मिळाला एकदाचा फ्लॅट! दिग्रसच्या बसस्थानकासमोर, दुसरा मजला, दोन खोल्या. बँकेत चालत पाच मिनिटं. नवरोबा मंदार नोकरीपायी पुण्यात, म्हणजे इथं माझी नि सुरभीचीच सत्ता. आमची पहिलीतली बाईसाहेब गॅलरीत बसून एसटीच्या पाट्या वाचते. गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, ते पाहून खिदळते. खालच्या घरमालकीण विमलताईंनी आल्याआल्या चहा पाजला. काई लागलं तर आवाज द्या, लाजू नोका, म्हणाल्या. खुर्चीवर एक परका रुमाल पडला होता, निळ्या काठाचा. धुवायला टाकला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
खुर्चीवर पुन्हा तोच रुमाल. उचलला, तर खालची बैठक कोमट, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. विमलताईंना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. उचलला काहून, म्हणाल्या. ज्यानं रुमाल टाकला त्याची जागा, बाई, आपुन मंधात पडू नये. मला हसू आलं. घर आहे की एसटी!

१५ नोव्हेंबर, शनिवार
पलंगावर माझ्या बाजूला रुमाल. हा तांबडा. भरदुपारी गादीला खळगा पडलेला, आणि वर कुणी नाही. सुरभीला विचारलं तर म्हणते, खुर्चीतले आजोबा बोलत नाहीत, पलंगावरची काकू मात्र तुझ्याकडेच बघते. मला भीती वाटते आहे. सरळ लिहिते. मंदारला फोन केला, तो म्हणाला तू दमली आहेस.

१७ नोव्हेंबर, सोमवार
बॅग भरून पोरीला घेऊन स्थानकावर गेले. यवतमाळची गाडी लागली होती, आत चिटपाखरू नाही. पण प्रत्येक सीटवर रुमाल. पुसदच्या गाडीतही. उभ्यानं जाते म्हटलं, तर मधल्या वाटेतही रुमाल अंथरलेले. कंडक्टरला हात जोडले. तो म्हणाला, जागा धरेल हायेत न ताई, मी काय करू? ऑटोतही तेच. परत आलो. कुठं जाणार?

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ओट्यावर रुमाल. उंबऱ्यावर. मोरीतसुद्धा. काल माझ्या खांद्यावर पडला, निघता निघत नाही.
आज सकाळी सुरभी चित्र काढत होती. गॅलरीतून एक पांढरा रुमाल आला, तिच्या मांडीपासून वीतभर अलीकडे पडला. म्हणजे आता तिच्यावर—
मी पदराला खोचलेला माझा रुमाल काढून तिच्या डोक्यावर टाकला. आधी मी टाकला! आता दुसऱ्या कुणाला ती धरता येणार नाही. पोर वाचली. देवा, वाचली.

१९ नोव्हेंबर
पेन धरवत नाही. बोटं आखूड आहेत. अंगात तिचा फ्रॉक—
जागा मी धरली. माझ्या नावानं. तिच्या नावानं नाही. हे कसं सुचलं नाही मला—
समोर माझं अंग बसलं आहे. माझा गाऊन घालून मेथी निवडतंय. मान वर करून बघत नाही.
सुरभी, अगं कुठं आहेस? हाक मारते, तर तुझाच आवाज येतो. खुर्ची भरली, पलंग भरला, मी इथं— मग तुला बसायला कुठं—