थंडीत केलेली पाहणी

सर, आधी एक गंभीर तक्रार. या लॉकडाऊनमध्ये बायकोने माझी खुर्ची बळकावली आहे. तिच्या मीटिंगा नऊ ते पाच. त्यामुळे तुमच्याकडे तीन वर्षं न्यायदर्शन घोकलेला हा विद्यार्थी समुद्रापार या वेरिबी गावातल्या घरात इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून उभ्याने अहवाल लिहितो. कुरकुर केली तर म्हणते, "पाली शोधणाऱ्याला खुर्ची कशाला लागते रे?"

तिचं खोटं नाही. जिथे नवी घरं व्हायची तिथे आधी कोणते जीव राहतात ते पाहून लिहून देणं, हा माझा धंदा. आमच्या मागे गवताळ माळाचा एक तुकडा उरलाय, आणि तिथे बिनपायाची एक पाल राहत असावी असा संशय होता. दिसते थेट सापासारखी. वेदान्तात दोरीचा साप होतो, इथे पालीचा होतो. हसा. पण माळ खरवडला की ती संपली. पळून जाईल कुठे? चहूकडे आमचीच घरं. माझंही घर अशाच माळावर उभं आहे. त्या वेळी कुणी काय लिहून दिलं होतं, हे मी कधी विचारलं नाही.

तिला शोधायला माळावर कौलं मांडतात. उन्हाने कौल तापलं की ती उबेला खाली येते. हे वसंतात करायचं. आम्ही केलं जुलैत; इथे ऋतू उलटे, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत. कौलं गार, खाली नुसती ओली माती.

मॅनेजरचा फोन आला. "काही सापडलं?"

"नाही, पण हा सीझनच—"

"मेट, स्प्रिंगला परत जायला मिळेल याची गॅरंटी आहे? क्लायंट किती थांबणार? नाही सापडलं म्हणजे नाही. नो वरीज."

फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे आलं: ठाण्याला शाळेच्या मागच्या खोलीत तुमचा शनिवारचा वर्ग भरलाय. तुम्ही सगळ्या खिडक्या लावून घेता आणि विचारता, "जमिनीवर घट आहे?" मी ठसक्यात म्हणतो, "नाही, सर." "ये मग इकडे." चौथ्या पावलाला मी तुमच्या पाण्याच्या तांब्याला अडखळून तोंडावर पडतो. वर्ग हसतो, तुम्ही हसत नाही. "गधड्या, असता तर दिसला असता, एवढा उजेड असेल तेव्हाच नाही म्हणायचं!"

मॅनेजरला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं. तरी मी लिहिलं, 'या जागेत ही प्रजाती नाही', आणि खाली सही केली. अहवाल मंजूर झाला, उत्तरात अंगठ्याचं चित्र आलं. संताप होतो तो या सभ्यपणाचा. कुणी आग लावली नाही, कुणी बंदूक उचलली नाही. आणि नातेवाईक व्हॉट्सॲपवर मोरांचे फोटो पाठवतात, माणूस घरात बसला आणि निसर्गाने मोकळा श्वास घेतला म्हणे! डोंबल. घरात बसूनही नाश करता येतो. मी इस्त्रीच्या टेबलावरून केला.

आता सप्टेंबर लागलाय. काल व्यायामाला मिळणाऱ्या एका तासात माळावर गेलो. ऊन छान होतं. आमचं एक कौल गवतात राहून गेलेलं दिसलं, ते उचललं. खाली दोन होत्या. एक सळकन भेगेत गेली, दुसरी तिथेच मान उचलून बघत राहिली. मी फोटो काढला आणि कौल होतं तसं ठेवलं.

सोमवारी माळ खरवडायला मशीन लागणार आहे, आज शनिवार. एक फोन केला तर काम थांबेल. नोकरी कदाचित जाईल; ती दुसरी मिळेल, त्याची धास्ती नाही. फोटो अजून बायकोलाही दाखवलेला नाही. हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही, म्हणून सांगतो: काल माळावरून आलो, वरणभात जेवलो आणि मला गाढ झोप लागली. सर, मला भीती वाटते ती त्या झोपेची.