वापरात नसलेल्या ओळी

सोमवार, ३

नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. खिडकीजवळचं टेबल, नवीकोरी खुर्ची आणि चहाचं यंत्र हाताच्या अंतरावर. माणसाला आणखी काय लागतं! कंपनी शाळांसाठी वेबसाइट बनवते. साहेबांनी पहिलंच काम माझ्या आवडीचं दिलं: सेटिंगची फाइल साफ करायची. वेबसाइटने कुठे कसं वागायचं ते या एका फाइलमध्ये ओळीओळीने लिहिलेलं असतं. एखादी ओळ सापडली नाही तरी काम अडत नाही, ठरावीक साच्यातलं वागणं चालू राहतं. साहेबांनी एकच बजावलं. आत पासवर्ड असल्यामुळे या फाइलची प्रत कुठेही ठेवत नाहीत, तेव्हा उडवलेली ओळ परत मिळायची नाही.

शेजारी चष्मेवाल्या बाई बसतात. त्यांना काहीही सांगा, त्या म्हणतात, छान, चालू द्या. त्यांच्या टेबलावर एका हसऱ्या माणसाचा फोटो आहे. यजमान का, असं विचारलं, तर फोटोकडे बघून म्हणाल्या, छान आहे. मला हसू आवरेना.

घरी येऊन दारावर तीन टकटक केल्या. आतून ठमीने तीन केल्या, मगच दार उघडलं. लेक पाच वर्षांची, पण नियम म्हणजे नियम.

बुधवार, ५

नऊशे ओळी, त्यातल्या निम्म्या बिनकामाच्या. सगळा प्रोग्राम धुंडाळला, यांचा कुठेच वापर नाही. लोक पसारा करून जातात आणि निस्तरायचं आम्ही. काही ओळी भलत्याच गमतीच्या आहेत, टिपून ठेवतो.

तीन टकटक = चालू
वडिलांना हाक = ए बाबा
हसणं = बाबा आला की, वगैरे वगैरे

ही शेवटची चांगली लांबलचक होती, कोण लिहीत बसणार! आमच्या ठमीचीच आठवण झाली. जेवणाच्या सुट्टीआधी तिन्ही उडवल्या. असा हात फिरवलाय की साहेबही बघत राहतील.

गुरुवार, ६

काल दारावर टकटक केली, आतून उत्तर नाही. ठमीने दार उघडलं आणि म्हणाली, या, बसा. मी म्हटलं, वा गं नाटकी! पण आमची ही म्हणाली, दुपारपासून असंच चाललंय. जेवताना ठमीने मला विचारलं, आपल्याला आणखी वाढू का. पोटची पोर बापाला आपण म्हणते!

सकाळी तिला गुदगुल्या केल्या. माझं होईपर्यंत ती शांत उभी राहिली. मला भीती वाटली.

शुक्रवार, ७

साहेबांना सगळं सांगितलं. चहा ढवळत ते म्हणाले, माणूस रुजू झाला की त्याच्या घरच्या ओळी फाइलमध्ये आपोआप येतात. मी ओरडलो, आधी का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं की लोकांचा हात चालत नाही.

या वहीत बघून ओळी परत टाकल्या. पहिल्या दोन जशाच्या तशा. तिसरी, "हसणं = बाबा आला की". पुढचं मी लिहिलंच नव्हतं. वगैरे वगैरे!

घरी टकटक केली. आतून तीन. ए बाबा! आणि ठमी हसली. तिला उचलून घरभर नाचलो.

शनिवार, ८

अजून हसतेय. काल संध्याकाळपासून. झोप नाही, घास गिळवत नाही. कधी थांबायचं ते त्या वगैरेमध्ये असणार. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ही पोर हसतेय. डॉक्टरांच्या सुईनेही फरक नाही. ही म्हणते, काहीतरी कर, तुझंच काम आहे ना ते.

रविवार, ९

घरूनच फाइल उघडून त्या ओळीपुढे "बंद" लिहिलं. ओळ पुन्हा उडवली. थांबत नाही. ओठ फाटलेत— आवाज गेला, तरी पोट हलतंय—

साहेबांना फोन केला. म्हणाले, एकदा सुरू झालेलं ओळ काढून थांबत नाही, ती बाबाला बघून हसली, बाबा आहे तोवर हसणार. फाइलमध्ये बाबाची ओळ असेल, ती काढा. चष्मेवाल्या बाईंनी नवऱ्यासाठी स्वतःची ओळ अशीच काढली होती म्हणे. ती ओळ ऑफिसातूनच उघडते. सकाळी—

सोमवार, १०

सापडली. "बाबा =" आणि पुढे अख्खं पानभर मी. या वेळी सगळं उतरवून घ्यायला हवं— शब्द न् शब्द— पण ही फोनवर किंचाळतेय, ठमी निळी पडतेय—

ठमे, माफ कर गं तुझ्या बाबाला.

उडवली.

थांबलं! हसणं थांबलं! ही सांगतेय, ठमी पाणी प्यायली— विचारतेय, बाबा कुठे आहे—

फोनवर कोणी बाई रडताहेत. मी म्हटलं, छान, चालू द्या. त्या म्हणतात, ठमीला बोलायचंय. ठमी कोण ते मागच्या पानांवर बघतो, इथेच कुठेतरी लिहिलं हो— छान आहे— चालू द्—