गुरुवारी खोकायला ये

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा दमा? इकडे सगळं ठीक, एक डावा डोळा सोडला तर. फोन केला की ही कान टवकारते, म्हणून पत्र.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं होतं. पट्टी निघाली आणि इतकी वर्षं मी पिवळी समजत होतो ती भिंत पांढरी निघाली. डॉक्टरांनी बजावलं, डोळ्याला हात लावायचा नाही, तोंडावर पाणी घ्यायचं नाही. भिंगाबद्दल ते काही बोलले नाहीत. आता तूच सांग, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला नवी नजर मिळाली तर तो काय पाहील, निसर्ग? ही भाजी निवडायला बसली तसा मी दुकानात सटकलो, खणातलं भिंग सदऱ्याला पुसलं आणि त्याच डोळ्यात बसवलं. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग अशी लख्ख दिसली, ताई, की मला रडूच आलं. (ते भिंग तेलाच्या बाटलीशेजारी कधीपासून लोळत होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.)

मग डोळा लाल झाला, दुखू लागला. हिला म्हटलं, झोप झाली नाही. काळा चष्मा चढवून दिवसभर साहेबासारखा बसून राहिलो. सकाळी उठतो तर पांढरी भिंत गायब, नुसतं धुकं, आणि ठणका असा की जबडा उघडेना. पाचावर धारण बसली. डॉक्टर एरवी केवढे बोलके, पण डोळा पाहिल्यावर, जखम मिटली नव्हती, त्यातून जंतू आत शिरले, एवढंच म्हणाले आणि थेट डोळ्यात इंजेक्शन देऊन पुन्हा पट्टी बांधली. हिनं विचारलं, "नजर राहील ना?"

"आज नाही सांगता येणार."

मला फार भीती वाटते, ताई. उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहेच. डावा गेला तर दुकान कसं चालवू? भिंगाचं मात्र हिला सांगितलेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारी पट्टी उघडून डॉक्टर बोटं दाखवणार आहेत. ही शेजारीच असेल. तू माझ्या मागे उभी राहा आणि जितकी बोटं तितक्यांदा खोक. हिला धक्का बसायला नको.

ता. क. वन्सं, हे मी लिहितेय. ओळ दिसेना म्हणून यांनी पत्ता लिहायला पाकीट माझ्याकडेच दिलं. तोंड धुवायचं नव्हतं ना, त्यामुळे भिंगाच्या कडेचं काळं वर्तुळ डोळ्याभोवती तसंच होतं. चष्मा उतरवला तेव्हाच मला कळलं, आणि डॉक्टरांनाही मीच सांगितलं. तुम्ही या, पण खोकू नका. खरं काय ते आम्हा दोघांनाही कळू दे. नाहीच दिसलं तर भिंग मी लावीन, साबणानं धुऊन. शेजारी बसून चुका काढायचं काम त्यांचं. ते त्यांना न बघताही जमतं.