एस्तेरवहिनीची मुकी गाडी

स्प्लिट, ४ मे

चि. फ्राने यास झोर्काताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर नुसता हुंकार देऊन ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. नीट बसून वाच. शेळ्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल, गावात मात्र नको.

आपल्या लुकाची एस्तेर येतेय. हो, चिलीहून, आणि एकटी. लुका गेला, आता तिला त्याचं बेट बघायचंय. एवढा संसार झाला त्यांचा, पण आपण तिला फोटोतच पाहिलेलं. मी म्हटलं, इथे माझ्याकडे उतर, पुढे बोटीने आणि बसने जा. तर म्हणाली की विमानतळावरच भाड्याची गाडी सांगून ठेवली आहे. सत्तरीला टेकलेली बाई, लायसन तिकडचं आणि बोळ इकडचे! गावचा रस्ता किती रुंद आहे ते मी सांगितलं तर हसत सुटली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

आता महत्त्वाचं. लुका तिकडे काय काय सांगून बसलाय ते तुला माहीत आहेच. बाबा जहाजाचे कप्तान होते, घर म्हणजे हवेली, खालची खाडी सगळी आपली. बाबांनी जन्मभर सार्डिन मासे खारवून विकले आणि होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं, हे तिला तुझ्या तोंडून कळता कामा नये. गेलेल्या माणसाची लाज राखायची असते. ती विचारेल तेव्हा मान हलव, एवढंच तुझं काम.

आणि दाढी कर. लोभ आहेच, तो टिकेल असं वाग.

तुझी ताई,
झोर्का


ब्राच, ९ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दाढी केलेली नाही.

खोटं बोलायचं मला वावडं नाही, पण लुकाचं खोटं मी का सांभाळू? माझी स्वतःची मला पुरून उरतात. खाडीवर आता एका जर्मनाचा बंगला आहे. त्याला काय सांगू, की बाबा रे, तू आमच्या कप्तानसाहेबांच्या पाण्यात डुंबतोयस? आणि हवेलीचं म्हणशील, तर तिच्या दिवाणखान्यात शेळ्या राहतात.

तिला म्हणावं, गाडी लहान घे. गेल्या उन्हाळ्यात एक बेल्जियन कुटुंब चर्चजवळच्या वळणावर अडकलं. त्यांना सोडवायला डॉन श्पिरोला स्वतःच्या अंगणाची भिंत पाडावी लागली. धर्मगुरू असूनही तो अजून रविवारच्या प्रवचनात त्यांचा उद्धार करतो.

कोकरू कापायचं का, तेवढं कळव. माझा लोभ दिसत नसला तरी असतो.

फ्राने


स्प्लिट, १९ मे

चि. फ्राने यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत तुझी वहिनी तुझ्या दारात असेल. इकडे काय झालं ते तुला कळलेलं बरं, नाहीतर तिच्या तोंडून ऐकून घाबरशील.

तिला आपली भाषा येते, पण ती सगळी लुकाकडून शिकलेली. आणि लुका शिवीशिवाय कधी बोललाय? तो तिला लाडाने ‘माझ्या गाढवा’ म्हणायचा, तर तिची समजूत अशी की आपल्याकडे सभ्य माणसाला असंच म्हणतात. विमानतळावर गाडी देणाऱ्या तरुणाला तिने पहिल्याच वाक्यात गाढव केलं. तो पोरगा आधी लाल झाला, मग त्याला हसू आवरेना. तिचं लायसन, ते जगभर चालणारं दुसरं पुस्तकवजा लायसन, तिच्याच नावाचं बँकेचं कार्ड, सगळं त्याने तपासलं. गाडी बोटीवर चढवणार आहे हेही लिहून घेतलं. मी म्हटलं, जास्तीचा विमा घेऊ नकोस, लुटारू आहेत मेले. तिने माझं न ऐकता काचेपासून चाकापर्यंत सगळ्याचा घेतला.

तिने सांगितलेली लहान गाडी शिल्लक नव्हती, म्हणून त्याच भाड्यात तिला हायब्रिड दिली. म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. मी विचारलं, भिंतीत खुपसायची वायर कुठे आहे? तर म्हणे वायर नाहीच. ब्रेक लावला की आपली आपण भरते. थांबून थांबून कमावते म्हण. आपल्या नगराध्यक्षासारखी.

पण फ्राने, ही गाडी बोलत नाही. अजिबात. मी सुपेतारपर्यंत एस्तेरसोबत बोटीवर गेले. (तिथून त्याच बोटीने परतले, कारण यांना अंडंसुद्धा उकडता येत नाही.) बोट धक्क्याला लागली, सगळ्यांनी गाड्या चालू केल्या. एस्तेरने बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. पहिल्यांदा गाडी चालू झाली होती गं बाई, दुसऱ्यांदा हिने ती बंद केली! मागे कोबीचा ट्रक, त्याच्या मागे अख्खं बेट, आणि सगळे भोंगे वाजवतायत. शेवटी एक खलाशी आला, खिडकीतून हात घालून हिरवा दिवा दाखवला, म्हणाला की हा लागला म्हणजे गाडी जागी आहे असं समजायचं. एस्तेरने त्याचे मनापासून आभार मानले. म्हणाली, सैतानाने तुला उचलून न्यावं, माझ्या गाढवा. खलाशाने टोपी काढली. माझे आजोबा असं बोलायचे, म्हणाला, आणि डोळे पुसत गेला.

बाबा कप्तान होते, विसरू नकोस. प्रेम आहे, पण भरवसा नाही.

झोर्का


ब्राच, २७ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी सांगून ठेवतो, कोणी मेलेलं नाही.

वहिनी आली त्या संध्याकाळी मी कुंपणाशी उभा राहून एक खासगी काम करत होतो. गाडी पाठीमागे येऊन उभी राहिली, मला पत्ता नाही. तिने काच खाली केली आणि म्हणाली की थांबायची गरज नाही, तिला घाई नाही. अशी आमची पहिली भेट.

त्या गाडीने गावाची पार वाट लावली. इथे कोण येतंय ते आवाजावरून कळतं आणि लोक वेळेवर विषय बदलतात. हिची गाडी आली की सगळे मधल्या वाक्यात सापडायचे. पोस्टातली पेरिना माझं आणि वहिनीचं लग्न ठरवत होती, आणि वहिनी तिच्या पाठीशी गाडीत बसून ऐकत होती. मग तिने पेरिनाला विचारलं की आहेर काय देणार.

मी तुझ्या आज्ञेप्रमाणे मान हलवत होतो. कप्तान? मान. हवेली? मान, शेळ्यांसकट. मग शनिवारी तिला खाडी बघायची होती. मुक्या गाडीत मी बसत नाही म्हणालो, तर तिने मला चारचौघांत लुकाकडून शिकलेलं सगळं ऐकवलं. बसलो.

खाडीच्या उतारावर ते लोखंडी फाटक आहे ना, तिथे तिने गाडी थांबवली. थांबली आणि आवाज नाही, म्हणजे बंद झाली, असं ती समजली. खरं म्हणजे चाक एका धोंड्याला अडलं होतं, एवढंच. ती उतरून फाटक उघडायला गेली. गाडी बारीक आवाजात पीं पीं करायला लागली. मला वाटलं निरोप देतेय. मी मागच्या सीटवरची चिजाची टोपली घ्यायला वळलो, तेवढ्यात चाक धोंड्यावरून उतरलं आणि आम्ही निघालो. मी, टोपली आणि गाडी. उघड्या फाटकातून, सरळ समुद्राकडे.

ताई, मला गाडी येत नाही. मी शेजारच्या सीटवरून स्टिअरिंग धरून ओढलं आणि तोंडाने जे आलं ते सोडलं. डावीकडे ऑलिव्हचं जुनं झाड होतं, त्याच्या अलीकडच्या दगडी बांधात आम्ही घुसलो. पुढचा एक दिवा गेला, पत्रा चेपला. मी शाबूत. चीज गेलं.

मागे पाहतो तर वहिनी रस्त्याच्या मधोमध बसलेली. मला वाटलं हिचं हृदय बंद पडलं. धावत गेलो, तर ती हसत होती, आणि हसता हसता रडत होती. म्हणाली की आवाज तोच. शिव्या त्याच, आणि क्रमसुद्धा तोच: आधी सैतान, मग गाढव, मग गाढवाची आजी. लुका गेल्यापासून तिने ते ऐकलं नव्हतं. पुन्हा म्हण, म्हणाली. मी त्या बांधावर बसून तिला तीनदा म्हणून दाखवलं. जर्मन गच्चीवरून बघत होता.

त्यानंतर मला मान हलवणं जमेना. सगळं खरं सांगून टाकलं. सार्डिन, मळमळ, खाडी, सगळं. तिला नवल वाटलं नाही. तिकडच्या क्लबात आपल्या लोकांपैकी प्रत्येकाचा बाप कप्तान आहे म्हणे. तिने केव्हाच हिशेब केला होता की मग जाळी ओढायला कोणी उरलंच नसणार. मग मिठाचंही सांगितलं. सुपेतारहून मीठ आणतो म्हणून लुका गेला तो थेट चिलीला, आणि मी ओझं लादायला जनावर घेऊन अंधार पडेपर्यंत धक्क्यावर उभा. तुला तरी पत्रं यायची. मला जन्मात एक ओळ नाही.

त्यावर तीही काही बोलली, ते नंतर कधीतरी.

आहे तसाच लोभ ठेव, शिव्या घालून झाल्यावर.

फ्राने


स्प्लिट, ५ जून

चि. फ्राने यास आशीर्वाद, तेही नाइलाजाने.

मान हलवणं एवढंच काम होतं! एवढंच! समुद्रात गेला असतास म्हणजे? ते पत्र वाचून मी यांना रक्तदाबाची गोळी मागितली, तर यांनी मला त्यांची पोटाची दिली.

गाडी काल परत केली. तोच पोरगा होता. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं की हे कसं झालं. एस्तेरने त्याला हातवारे करून सगळं सांगितलं, गाढवाच्या आजीपर्यंत. विमा सगळा होता, त्यामुळे सही करून मोकळी झाली. माझ्याकडे असं पाहिलंन, की मी खिडकीबाहेर विमानं मोजत बसले.

जाताना मला घट्ट धरलं आणि विचारलं की फ्रानेकडे पासपोर्ट आहे का. हा काय प्रकार आहे? पेरिनाचा फोन आला होता, तिचे प्रकार वेगळेच आहेत. बांधावर ती तुला काय म्हणाली, ते लगेच लिही. तुझ्या उत्तरावर माझी माया अवलंबून आहे.

झोर्का


ब्राच, ११ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पेरिनाला म्हणावं, आहेर तयार ठेव.

बांधावर वहिनी म्हणाली ते असं. लग्नानंतर लुकाने पहिला कुत्रा आणला, त्याचं नाव फ्राने ठेवलं. तो मेला तेव्हा दुसरा आणला, तोही फ्राने. तिसराही. तिने विचारलं तर म्हणाला की आमच्या बेटावर चांगल्या कुत्र्याला हेच नाव देतात. मग तुझं एक पत्र तिच्या हाती पडलं, त्यात माझं नाव होतं, तेव्हा तिला उमगलं. तिने त्याला कधी छेडलं नाही. पण सांगत होती, बाहेरून आला की दारातूनच हाक मारायचा, जेवताना पहिला घास कुत्र्याला, आणि रागावला की त्याच्याशीच बोलायचा, आपल्या भाषेत, तासन्‌तास. पहिला मेला तेव्हा लुका आठवडाभर कामावर गेला नाही.

मी ऐकून खूप शिव्या दिल्या. माणसाला दोन ओळी लिहायला लाज वाटते, आणि कुत्री पाळतो!

तर पासपोर्टचं असं आहे. स्प्लिटला त्याचा अर्ज कुठे करतात ते चौकशी करून ठेव, मी सोमवारच्या बोटीने येतो. शेळ्या डॉन श्पिरो बघेल, तो कबूल झाला आहे. तिकडे गाडी वहिनी चालवेल. तिची स्वतःची आहे आणि भरपूर आवाज करते म्हणे.

सध्या तिच्याकडे चौथा फ्राने आहे. लुकानेच आणलेला, शेवटचा. म्हातारा झालाय, मागचे पाय धरलेत, दिवसभर फाटकाशी बसून असतो. आमच्यापैकी एक जण जायच्या आत भेट व्हावी, इतकंच.

दाढी करून येतो. लोभ सोबत आणतोय, बोटीवर त्याचं भाडं पडत नाही.

तुझा,
फ्राने