३१३५९१ चे अवयव

४ जुलै १९८२

ग्रां बुआला माहेरी जाऊन आले. पुन्हा तेच — आईला तिच्या माहेरून मिळालेलं उसाचं शेत वाटायचं की नाही. आईला जाऊन वर्ष झालं. नंदलालला वाटणी हवी, चंद्रमोहनला नको. माझे हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, माझं डोकं मात्र दोघेही खातात!

बाबांनी तोडगा काढला. पणजोबा मजूर म्हणून इथे मॉरिशसला उतरले तेव्हा तिकिटावर मिळालेला नंबर — ३१३५९१. आमच्याकडे दिवा लावताना पूर्वजांच्या नावांनंतर तोही म्हणतात. "तो नंबर तुटत न्हाय, आजा सांगायचा. तू कोलेजात गणित शिकवतेस, तू बघ. तुटला तर शेत तोडू. न्हाय तर न्हाय. सा मेम, बस्स!"

दोघांनी माना डोलावल्या. मी हसू दाबलं.

६ जुलै

मोका गावातलं माझं कोलेज. मधल्या सुट्टीत बसले. दोन आणि पाच नाहीत, ते उघडच. अंकांची बेरीज बावीस, म्हणजे तीनही नाही. सातने भागलं, पाच उरले. तेराने भागलं — तरी पाचच! वर्गमूळ ५६० च्या जरा आत. तिथपर्यंतचे सगळे अविभाज्य तपासायचे.

७ जुलै

चिवट आकडा. चंद्रमोहनचा कोलेजात फोन: "आलोर, मग, तुटला?" अजून नाही म्हटल्यावर खूश.

९ जुलै

काय बावळट मी! ५६० चा वर्ग ३१३६००. आपला आकडा त्याहून फक्त नऊने कमी. आणि नऊ म्हणजे तीनचा वर्ग. मग ५६० मधून तीन काढा, ५६० त तीन मिळवा — ५५७ × ५६३. संपलं. दोन्ही अविभाज्य, तेही लागोपाठचे. हे सूत्र दरवर्षी फळ्यावर लिहिते मी!

फार देखणं आहे. न सांगितलं तर कुणाला कळायचंही नाही. पण खोटं गणित सांगणं मला जमणार नाही.

११ जुलै

सांगितलं. चंद्रमोहन उठून बाहेर गेला. बाबांनी विचारलं —

"दोनच तुकडे?"

दोनच.

"आणि ते पुढं तुटत न्हाय?"

नाही.

तसा त्यांचा चेहरा उजळला. "बे, मग, दोनच पोरं माझी! मोठा तुकडा मोठ्याला, धाकटा धाकट्याला. आज्याला समदं ठाव होतं!"

मी समोरच बसले होते. नंदलालची बायको कामिनी माझ्याकडे बघून पटकन आत गेली. मला राग आला. खूप. आकड्याचा नाही. मग चहा पिऊन बस पकडली.

१९ जुलै

क्युरपिपला नोटरीकडे गेलो, सगळेच. त्याने आईचे कागद पाहिले, आम्हाला पाहिलं. म्हणाला, मुलगीही वारस आहे, तिच्या सहीशिवाय काही होणार नाही. बाबा म्हणाले, "करील की. शहाणी हाय ती."

नोटरीने पेन पुढे केलं. मी टोपण लावून परत दिलं.