परसातला खंदक बुजवू नये

मी, पंचशीला दगडू गजभिये, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त बँक अधिकारी, राहणार पोलोग्राउंडजवळ, इंदूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याशी रमी खेळून पाहावी. कोणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही. मी कोणाचे ऐकत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. याआधीचे मृत्युपत्र, ज्यात घर भाची संबोधीला दिले होते, ते रद्द समजावे.

१. घरामागच्या परसात एक खंदक आहे. वडील महूला फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत बॉम्ब पडणारच, अशी खात्री धरून त्यांनी तो खणला. बॉम्ब पडला नाही. मुंगूस राहायला आले. तेव्हापासून तो खंदक, त्यावरची बोरीची जाळी आणि तिथला पालापाचोळा मुंगसांचा, बेडकांचा आणि भारद्वाजाच्या जोडीचा आहे. मी फक्त घरपट्टी भरते.

२. माझ्या सत्तराव्या वाढदिवशी मी शिबिराला गेले असता, माझ्याकडे राहणारा भाचा अश्वजित याने मजूर लावून परस साफ करवले. "आत्या, सरप्राइज! एकदम चकाचक! आता परस शोभतं इंदूरचं!" शहर स्वच्छतेत पहिले येते, याचा अभिमान मलाही आहे. पण झुडूप म्हणजे कचरा नव्हे. मुंगूस गेले, उंदीर आले आणि त्यांनी अश्वजितच्या नव्या गाडीच्या वायरी कुरतडल्या. मला रागवायची गरज नव्हती. जाळी पुन्हा वाढली, तेव्हा मुंगूस परतले.

३. शेजारी भूषणजींना माझे दोन्ही खराटे द्यावेत. पानगळीवर त्यांचा जुना राग आहे.

४. दुर्बीण संबोधीची. घर नाही, कारण ती फोटोंसाठी खंदकावर दिवे लावणार आहे.

५. गेल्या महिन्यात भूषणजी भिंतीवरून अश्वजितला म्हणाले, "भिया, ये जंगल कटवा दो ना! साप निघेल एखाद दिवस."
अश्वजित म्हणाला, "धीरे बोला, भूषणजी. आत पिल्लं आहेत. सापाचं त्यांची आई बघून घेईल."
मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. मग त्याने इंजिन सुरू न करता गाडी ढकलत फाटकापर्यंत नेली.
म्हणून घर अश्वजितला. त्याने खंदक बुजवला, फरशी घातली किंवा दिवा लावला, तर घर संबोधीचे. तिने तेच केले, तर परत अश्वजितचे. भावंडे एकमेकांवर चोख नजर ठेवतात.

६. वडिलांचे फावडेही अश्वजितला. खंदक ढासळला तर सावरण्यासाठी.

पाचवे कलम मी जिवंत असेपर्यंत साक्षीदारांनी त्याला सांगू नये. डोक्यावर बसेल.

सही: पंचशीला दगडू गजभिये
साक्षीदार: डॉ. स्मिता रानडे, गोपीनाथ मेश्राम (दोघांनी माझ्यासमोर, चष्मा लावून सही केली)
इंदूर, १४ सप्टेंबर २०२५